वॉशिंग मशीनचा आवाज: मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी काय तपासावे

वॉशिंग मशीन आवाज करू लागले की बहुतेक घरांतून लगेच मेकॅनिकला फोन जातो. त्याआधी एकदा कपडे धुऊन होईपर्यंत मशीनजवळ थांबावे आणि आवाज नेमका केव्हा येतो, पाणी भरताना, ड्रम सावकाश फिरताना, पाणी बाहेर जाताना की कपडे पिळताना, हे लक्षात ठेवावे. बिघाडाचा अर्धा शोध तेथेच लागतो. मशीनला हात लावायचा असेल तेव्हा मात्र प्लग काढलेला आणि नळ बंद केलेला असावा.

पिळताना मशीन धडधडत असेल आणि जागेवरून सरकत असेल, तर दोष बहुधा मशीनचा नसतो. नागपूरच्या फ्लॅटमध्ये मशीन सहसा मागच्या गॅलरीत असते आणि तेथील फरशीला मोरीच्या जाळीकडे उतार दिलेला असतो. मशीनचे समोरासमोरचे तिरपे कोपरे आळीपाळीने दाबून पाहावेत. डुगडुगणारा पाय पान्याने फिरवून टेकवावा, वर पाणसळ ठेवून खात्री करावी आणि मग पायाचा लॉकनट (पाय जागीच पक्का धरणारा नट) आवळावा. चाकांचे प्लास्टिक स्टँड या कामी निरुपयोगी आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. गॅलरी पश्चिमेची असेल, तर मे महिन्यातील ४५ अंशांच्या उन्हात पायांखालचे रबर कडक होते, तेही बदलावे. एकटी सोलापुरी चादर धुतली, तरी ती भिजून एका बाजूला गोळा होते आणि ड्रमचा तोल जातो. अशा वेळी सोबत दोन-तीन टॉवेल टाकावेत. नव्याने आणलेल्या फ्रंट लोड मशीनच्या मागचे वाहतुकीचे बोल्ट काढायचे राहिले असतील, तर ते पहिल्याच धुलाईत थयथयाट करते.

टॉप लोड मशीनचा रिकामा टब हाताने खाली दाबून सोडावा. तो एखादा झोका घेऊन स्थिर झाला पाहिजे; डुलतच राहिला, तर त्याला तोलून धरणारे चार रॉड थकले आहेत असे समजावे. ते बदलायचे झाल्यास चारही एकदम बदलावेत.

पाणी भरताना गुणगुण येत असेल, तर नळीच्या टोकाची बारीक जाळी पाहावी. बोअरवेलच्या जड पाण्याने ती पांढऱ्या थराने बुजते. व्हिनेगरमध्ये भिजवून जुन्या ब्रशने घासली की काम होते.

पाणी बाहेर जाताना खडखड झाली, तर खिशातले नाणे, पिन किंवा ब्लाउजचा हूक पंपापर्यंत पोहोचला असण्याचा संभव असतो. बहुतेक फ्रंट लोड मशीनच्या खालच्या कोपऱ्यात झाकणामागे फिल्टर असतो. त्याखाली पसरट ताट ठेवून, आतले पाणी गरम असल्यास ते निवू देऊन, फिल्टर हळूहळू उलटा फिरवावा. तो निघाल्यावर आत टॉर्च मारून पंपाचा छोटा पंखा बोटाने फिरवून पाहावा; तो किंचित अडखळत फिरतो, त्यामुळे घाबरू नये.

आता बेअरिंग, म्हणजे ड्रमचा दांडा ज्यात फिरतो ते पोलादी गोळ्यांचे कडे. पिळताना जाते दळल्यासारखी घरघर येत असेल आणि ती वेगाबरोबर वाढत असेल, तर फ्रंट लोडचा रिकामा ड्रम हाताने फिरवून कान द्यावा. नंतर ड्रमची वरची कड धरून वर-खाली हलवावी. फक्त ड्रम हलला आणि बाहेरचा टब जागेवरच राहिला, तर बेअरिंग झिजले आहे. मशीनच्या मागे टबच्या मध्याखाली तांबूस ओघळ दिसला, तर बेअरिंगपर्यंत पाणी येऊ न देणारे रबरी सील आधी गेले आणि त्यातून झिरपलेल्या पाण्याने बेअरिंग गंजले असे समजावे. म्हणून सील न बदलता केवळ बेअरिंग बदलणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

हे काम घरी करू नये, असेच मी सुचवेन, कारण त्यासाठी संपूर्ण टब बाहेर काढावा लागतो आणि काही मॉडेलमध्ये टब चिकटवूनच बंद केलेला असतो. मात्र सुटे भाग आणायला बर्डी (नागपूरची सीताबर्डी बाजारपेठ) गाठण्याआधी बेअरिंगच्या कडेवरचा क्रमांक टिपून घ्यावा. उदाहरणार्थ, ६२०५ म्हणजे आतील व्यास २५ मिलिमीटर आणि बाहेरील ५२. ड्रमच्या मागे सहसा वेगवेगळ्या मापांची दोन बेअरिंगे असतात. दोन्ही बदलून घ्यावीत, जुनी मागून घ्यावीत आणि मेकॅनिक जाण्यापूर्वी रिकामे मशीन एकदा पूर्ण वेगाने फिरवून पाहावे.