राइडिंग मोअरचे इंजिन लोड घेत नसेल तर काय तपासावे

बसून चालवायच्या गवत कापण्याच्या यंत्राचे, म्हणजे राइडिंग मोअरचे, इंजिन सहज चालू होते, पाती बंद असताना त्याचा आवाजही खणखणीत येतो. मात्र डेक, म्हणजे पात्यांवरचे कवच, खाली करून दाट गवतात शिरताच ते दबते आणि चढावर तर बंद पडण्याच्या बेतात येते. ही तक्रार कोणाकडेही मांडली की ‘कार्बोरेटर बदलून टाका’ हा सल्ला तयारच असतो. ओहायोतील माझ्या एक एकराच्या लॉनसाठी आजवर वापरलेली तीन यंत्रे आणि आसपासच्या मराठी घरांतील बरीच यंत्रे मी स्वतः उघडली आहेत. त्यावरून माझे ठाम मत असे आहे की, ताकद नेमकी कोणत्या परिस्थितीत जाते हे कळण्यापूर्वी एकही सुटा भाग विकत घेऊ नये.

दोष इंजिनाचाच आहे का, हे आधी ठरवावे. किल्ली काढावी, प्लगची वायर सोडावी, डेकचा पट्टा पुलीवरून उतरवावा आणि जाड हातमोजे घालून प्रत्येक पाते फिरवून पाहावे. एखादे अडखळत असेल किंवा घरघरत असेल, तर तिथले बेअरिंग गेले आहे आणि इंजिन बिचारे विनाकारण ओझे ओढत आहे. मे महिन्यात ओले, गुडघ्याएवढे गवत बोथट पात्यांनी कापताना कोणतेही इंजिन दबते. तो बिघाड नव्हे. इंजिन जपण्यासाठी थ्रॉटल अर्ध्यावर ठेवून कापण्याची सवयही सोडावी. ही इंजिने साधारणपणे मिनिटाला ३,३०० ते ३,६०० फेऱ्यांच्या आसपास काम करण्यासाठी बनवलेली असतात आणि त्यांना थंड ठेवणारा पंखा त्याच शाफ्टवर असल्यामुळे फेरे कमी झाले की हवाही कमी पडते.

एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर आणि प्लग हे नेहमीच्या देखभालीचे भाग तेवढे आधीच बदलावेत. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

त्यानंतर गवत कापत असतानाच चोक हळूहळू अर्ध्यापर्यंत ओढून पाहावा. इंजिनात जीव आल्यासारखे वाटले, तर पेट्रोल कमी पोहोचत आहे असे खुशाल समजावे. इथे मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि हिवाळाभर टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरमधील मुख्य जेटच्या (पेट्रोल सोडणाऱ्या तोटीच्या) बारीक छिद्रात बसतो. जेट काढून, क्लीनर मारून, उजेडासमोर धरून छिद्र गोल आणि स्वच्छ दिसेपर्यंत साफ करावे. छिद्रात तार घालू नये, कारण ते रुंद झाले तर पुन्हा पूर्ववत होत नाही. वीसेक मिनिटांनी ताकद जात असेल, तर टाकीचे झाकण सैल करून पाहावे. झाकणातील हवेचे छिद्र बुजले की टाकीत निर्वात होतो आणि पेट्रोल अडते.

गरम झाल्यावरच दम जाण्याचे आणखी एक कारण इंजिनाच्या वर, पंख्याच्या झाकणाखाली दडलेले असते. ते झाकण चार-पाच बोल्ट काढून उचलावे. शेजारच्या एका यंत्रात मला सिलिंडरच्या फिन्समध्ये (थंडाव्यासाठीच्या पातळ पट्ट्यांमध्ये) तेलात भिजून चामड्यासारखे झालेले गवत आणि त्यावर उंदराने सीटमधून कुरतडून आणलेला फोम मिळाला होता. ते बोथट लाकडी काडीने खरवडून काढावे. पाण्याचा जोरदार फवारा मारू नये, गवत आणखी आत जाते.

दोन सिलिंडरच्या इंजिनात अर्धी ताकद एकदम गेली असेल, तर एक सिलिंडर मेला आहे का ते पाहावे. इंजिन चालू करून मिनिटभराने दोन्ही एक्झॉस्ट पाइपांवर बाटलीने थोडे पाणी शिंपडावे. चालत्या सिलिंडरच्या पाइपावर ते चर्र करून उडून जाते, बंद सिलिंडरच्या पाइपावरून नुसते ओघळते. त्या बाजूला स्पार्क पडत नसेल तर कॉईल पाहावी. स्पार्क चांगला असेल तर व्हॉल्व्हचे झाकण उघडावे, कारण पुशरॉड (रॉकरला ढकलणारा दांडा) रॉकरवरून (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या आडव्या दांडीवरून) निसटल्याची किंवा वाकल्याची शक्यता मोठी असते.

आता ज्या कामात मी स्वतः दोन पूर्ण शनिवार-रविवार घालवले, त्या टॅपेटच्या अंतराविषयी, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातील फटीविषयी. व्हॉल्व्हची बैठक झिजत गेली की व्हॉल्व्ह थोडा आत सरकतो, ही फट कमी होते, आणि धातू तापून लांबल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तिथून निसटते आणि इंजिन गरम होईल तसतसे ढिले पडते. उलट फट वाढली, तर व्हॉल्व्ह पुरेसा उघडत नाही, टकटक ऐकू येते आणि स्टार्टर अर्धा फेरा मारून भिंतीवर आदळल्यासारखा थांबतो. अशा वेळी लोक बॅटरी आणि स्टार्टर बदलत बसतात, हे पाहून मला खरोखर वाईट वाटते.

पुण्यात असताना मोटारसायकलचे टॅपेट स्वतः लावण्याची मला सवय होती. पिस्टन अगदी वरच्या टोकाला आणायचा आणि तिथेच दोन्ही फटी मोजायच्या, ही तिथली रीत मी इथेही लावली. एका व्हॉल्व्हला फटच नव्हती, म्हणून मी स्क्रू सैल करून ती करून घेतली. दुसऱ्या दिवशी स्टार्टर पहिल्यापेक्षा जास्त अडू लागला आणि तिसऱ्या वेळी कापताना पुशरॉड वाकला. या इंजिनांच्या कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्यावर) कॉम्प्रेशन रिलीज असते: स्टार्टरला सोपे जावे म्हणून कॉम्प्रेशनच्या वेळी एक व्हॉल्व्ह किंचित उघडा धरणारी ती छोटी योजना आहे. पिस्टन वरच्या टोकाशी असताना तो व्हॉल्व्ह उचललेलाच असू शकतो. मी त्या उचललेल्या व्हॉल्व्हवर फट मोजली होती, त्यामुळे खरी फट फार वाढली आणि ती योजना निकामी झाली.

म्हणून इंजिन रात्रभर थंड होऊ द्यावे, प्लग काढावा आणि प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून फ्लायव्हील (इंजिनावरचे जड चाक) वरून पाहताना घड्याळाच्या दिशेने हाताने फिरवावे. अंगठ्याला हवेचा दाब जाणवला की तो कॉम्प्रेशन स्ट्रोक. मग भोकातून प्लास्टिकची स्ट्रॉ पिस्टनवर टेकवावी, पिस्टन वरच्या टोकाला आल्यावर तिच्यावर पेनाने खूण करावी आणि त्याच दिशेने आणखी फिरवून पिस्टन पाव इंच, म्हणजे साधारण ६ मिलिमीटर, खाली जाऊ द्यावा. फट इथेच मोजायची. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या कंपनीच्या अनेक सिंगल सिलिंडर ओएचव्ही (व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असलेल्या) इंजिनांत इनटेक, म्हणजे हवा आत घेणाऱ्या, व्हॉल्व्हला ०.०८ ते ०.१३ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला ०.१३ ते ०.१८ मिलिमीटर फट सांगितलेली असते. तरीही आपल्या इंजिनावरील मॉडेल क्रमांक घेऊन त्याच्याच मॅन्युअलमधील आकडा वापरावा. कोहलर या कंपनीच्या बऱ्याच इंजिनांत तेलाच्या दाबाने फट आपोआप भरून काढणारे हायड्रॉलिक लिफ्टर असतात, त्यांत ही फट लावायचीच नसते.

फीलर गेजची (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांच्या संचाची) पट्टी वहीच्या दोन पानांमधून ओढल्यासारखी, किंचित अडत निघाली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू हमखास थोडा सरकतो, म्हणून आवळल्यानंतर पुन्हा मोजावे. नंतर इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून, पुन्हा त्याच पाव इंचावर आणून तिसऱ्यांदा मोजावे. तिसऱ्या मोजणीचा कंटाळा करणाऱ्याने हे काम हाती घेऊ नये, असे मी स्पष्टच सांगतो.

व्हॉल्व्हच्या झाकणाला नवे गॅस्केट लावावे. फटी बरोबर असूनही ताकद येत नसेल, एअर फिल्टर तेलाने भिजत असेल आणि निळसर धूर येत असेल, तर हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरचे हेड यांच्यामधला पॅकिंगचा थर) सिलिंडर आणि पुशरॉडची पोकळी यांच्यातील अरुंद पट्टीवर फुटले असण्याची दाट शक्यता आहे. हेड उतरवल्यावर ते त्या जागेवर जळून काळे पडलेले दिसते. नवे बसवण्यापूर्वी हेडवर सरळ पोलादी पट्टी आडवी ठेवून खालून उजेड येतो का ते पाहावे आणि बोल्ट टॉर्क रेंचनेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानेच), मॅन्युअलमधील क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत.