भंडारदऱ्याला पाण्याभोवती फेरी: सायकल, पायपीट आणि जमलं तर गळ

भंडारदऱ्याला बहुतेक लोक दोनच वेळा जातात, मे-जूनच्या सांध्यावर काजवे बघायला नाहीतर जुलै-ऑगस्टमधे धबधबे बघायला, आणि दोन्ही वेळेला निम्मा वेळ पुढच्या गाडीचे लाल दिवे बघण्यात जातो. माझं मत विचाराल तर हा तलाव गाडीतून बघायचाच नाहीये. सायकल न्या, ते नसेल जमत तर चालायचे बूट न्या, आणि शनिवार-रविवार टाळा. बाकी सगळं जुळवता येतं.

आधी जागा समजून घ्या. प्रवरा नदी रतनगडाच्या अंगाखांद्यावरून उतरते, ती शेंडी गावाजवळ अडवली आहे. धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ ला संपलं, विल्सन डॅम म्हणतात ते हेच, दगडी आहे आणि उंची ८२ मीटर. मागचं पाणी कागदोपत्री ऑर्थर लेक. शेंडी पूर्वेच्या टोकाला, आणि पाण्याच्या दोन्ही काठांनी रस्ते पश्चिमेला सह्याद्रीच्या कड्याकडे जातात. दक्षिणेकडून मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी. उत्तरेकडून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर. मधे साम्रद गाव हे दोन रस्ते जोडतं. म्हणजे पूर्ण गोल होतो, साधारण ४५ किमीच्या आसपास.

कधी जायचं? सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर, डोळे झाकून. धरण भरलेलं असतं, सोनकी आणि तेरडा फुललेला असतो, भात उभं असतं, दिवाळीच्या आसपास कापणी चालू होते. डिसेंबर-जानेवारीत थंडी चांगलीच असते, सकाळी पाण्यावर धुकं बसतं आणि हँडलवर बोटं आखडतात, ग्लोव्हज न्या. पुढे मात्र पाणी खाली कालव्यांना, शेतीला सुटत राहतं आणि तलाव उतरत जातो, मे महिन्यात काठाला रुंद चिखलाचा आणि भेगाळलेल्या मातीचा पट्टा उघडा पडतो. फोटोत दिसलेला निळा तलाव डोक्यात ठेवून एप्रिलमधे जाऊ नका. आणि भर पावसात सायकल घेऊन तर नकोच, घाटघर हे महाराष्ट्रातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या जागांपैकी एक आहे, ढगात शिरलात की दहा हातांवरचं दिसत नाही आणि समोरून टुरिस्टांनी भरलेली जीप येते.

पोचायचं कसं. मुंबईकडून कसारा किंवा इगतपुरी, तिथून घोटी, घोटीहून राजूरच्या दिशेने जाणारी एसटी नाहीतर जीप. नाशिकहून ७० किमीच्या आसपास, पुण्याहून संगमनेर-अकोले करत या. घोटी ते शेंडी साधारण ३५ किमी, वाटेत बारी गाव लागतं, कळसूबाईचा पायथा. दमदार सायकलवाले घोटीपासूनच सायकलवर येतात, पण चढ आहे आणि दुसऱ्या दिवशी गोल मारायचा असेल तर उगाच पाय संपवू नका. सायकल गाडीवर टाकून आणणं सगळ्यात सोपं. समृद्धीने येणार असाल तर तिथे सायकलच काय, दुचाकीला पण बंदी आहे, इगतपुरीला उतरल्यावरच सायकल खाली काढायची.

मुक्काम शेंडीत किंवा मुरशेत-पांजरे बाजूच्या घरगुती ठिकाणी. तंबूवाल्यांची गर्दी पाण्याकाठी खूप झाली आहे, रात्री स्पीकर लावून नाचणारे ग्रुप शेजारी आले की झोपेची वाट लागते, म्हणून बुकिंग करताना सरळ विचारा की गाणी किती वाजता बंद करता. उत्तर द्यायला वेळ लागला तर दुसरीकडे फोन करा.

आता सायकल. मी दक्षिणेच्या रस्त्याने सुरू करायला सांगेन, म्हणजे शेंडी, मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर आणि मग उत्तरेकडून परत. कारण रतनवाडी ते साम्रद जंगलातला तुकडा आहे, चढ आहे, आणि रस्ता कधी बरा कधी नुसती खडी, तो सकाळच्या ताज्या पायांनी करायचा. दुसरं म्हणजे सकाळी तुम्ही पश्चिमेला जाता तेव्हा ऊन पाठीवर आणि दुपारनंतर पूर्वेला परत येता तेव्हा पण ऊन पाठीवर, हेल्मेटखाली डोळे बारीक करून चालवावं लागत नाही. सहाला निघालात तर रतनवाडीला गर्दीच्या आधी पोचता. तिथलं अमृतेश्वराचं मंदिर शिलाहार काळातलं मानतात, बाहेरून शिखर आणि खांब नीट बघा, शेजारची पुष्करणी पण बघा, तिथे अर्धा तास सहज जातो.

हायब्रीड किंवा एमटीबी (जाड टायरची डोंगरी सायकल) असेल तर उत्तम, बारीक टायरची रोड बाइक या रस्त्याला शिव्या देत चालवावी लागेल. पंक्चरचं सामान, एक्स्ट्रा ट्यूब, पंप स्वतःचा, कारण शेंडी सोडल्यावर दुकान मिळेल या भरवशावर राहू नका. दोन लिटर पाणी. मोबाइलची रेंज मधे मधे गायब होते, मॅप आधीच डाउनलोड करा आणि मुक्कामाच्या घरी सांगून निघा की आम्ही या रस्त्याने जातोय. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, वनखात्याच्या नाक्यावर एंट्रीची पावती फाडावी लागते, सुट्टे पैसे ठेवा, पावती जपून ठेवा. अंधार पडायच्या आत शेंडीत परत या, बिबट्याचा भाग आहे आणि वळणांवर गुरं बसलेली असतात, खरा धोका गुरांचाच जास्त.

घाटघरला पोचलात की घाई करू नका. कोकणकड्यावरून खाली कोकण आणि बाजूला अलंग-मदन-कुलंग या गडांचे कडे दिसतात, आणि तिथेच २५० मेगावॅटचा वीजप्रकल्प आहे, त्याची गंमत अशी की रात्री ग्रिडमधे वीज जास्त झाली की खालच्या धरणातलं पाणी पंपाने वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करतात. कड्याच्या टोकाला वारा भन्नाट असतो, सेल्फीसाठी कठड्यापलीकडे जाणारे महाभाग दर वेळी दिसतात, तुम्ही त्यात नको. जेवण घाटघर किंवा साम्रदला घरगुती मिळतं पण आधी सांगावं लागतं, मागच्या गावातून फोन करा, नाहीतर दोन वाजता पोचून मावशींना चूल पेटवायला लावाल आणि मग भाकरी येईपर्यंत तास जाईल. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी आणि पिठलं मागा, पनीर मागू नका.

पूर्ण गोल जमणार नसेल तर शेंडी ते रतनवाडी जाऊन परत या, ४० किमीच्या आसपास होतं आणि चढ कमी. लहान मुलं असतील तर शेंडी-मुरशेत-पांजरे एवढंच, जाऊन थांबा, भिजा, परत या. भिजा म्हणजे पाय भिजवा. तलावात पोहायचं नाही, धरणाचा काठ उतरता असतो, दोन पावलांवर खोल आणि खाली गाळ, पोहता येणारे पण यात बुडतात.

चालणाऱ्यांसाठी माझी आवडती वाट रतनवाडीतून रतनगडाकडे जाणारी, पण सुरुवातीचीच. प्रवरेच्या पात्राच्या कडेने वाट जाते, ओढा परत परत ओलांडावा लागतो, दाट झाडी, सावली. तासभर आत जायचं, दगडावर बसून डबा खायचा, परत. पूर्ण गड करायचा असेल तर शिड्या आहेत, वर नेढं (खडकातलं आरपार भोक) आहे, पण मग तो दिवसच गडाला द्या, त्याच दिवशी सायकल वगैरे डोक्यात आणू नका. साम्रदहून सांदण दरीच्या तोंडापर्यंत पण थोडं चालून जाता येतं. पावसाळ्यात सांदणला पाय ठेवायचा नाही, दोन्ही बाजूला भिंती आणि वरून पाणी आलं तर पळायला जागा नाही. आणि वाटाड्या गावातलाच घ्या, पैसे आधी ठरवा, नंतर घासाघीस करू नका.

आता मासेमारी, इथे लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. गावातली माणसं जाळं टाकताना दिसतात म्हणून आपण पण गळ टाकला असं चालत नाही. एक तर अभयारण्य, त्यामुळे हद्दीत वनखात्याला न विचारता गळ काढायचाच नाही. दुसरं, धरणांमधल्या मासेमारीचा ठेका साधारणपणे मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, माशांचं बीज ते सोडतात, पैसे त्यांचे अडकलेले असतात. म्हणून रॉड घेऊन यायची फार खाज असेल तर इगतपुरी तालुक्यातल्या दारणा, मुकणे, वैतरणा या पाण्यांकडे वळा, आणि तिथे पण आधी काठावरच्या संस्थेच्या माणसाला भेटा. "मामा, दोन तास बसू का, किती द्यायचे?" एवढं विचारलं की बहुतेक वेळा काम होतं, वर मासा कुठे लागतो ते पण कळतं. नाही म्हणाले तर नाही.

नवीन असाल तर चिलापीपासून (तिलापिया मासा) सुरू करा. छोटा गळ, तरंगणारं बूच, गांडूळ नाहीतर कणकेची गोळी, काठापासून फार लांब फेकायची गरज नाही, सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर. मृगळ तळाशी खातो, रोहू मधल्या पाण्यात, दोघांना शेंगदाण्याच्या पेंडीचा लगदा चालतो आणि बसायची तयारी लागते, कटला त्यांच्यापेक्षा वरच्या पाण्यात फिरतो. मरळ शिकारी आहे, वनस्पती दाटलेल्या काठाशी लपते, तिला हलतं आमिष दाखवावं लागतं. खायचा नसेल तो मासा ओल्या हाताने धरून सोडा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि सोडलेला मासा पण मरतो. तुटलेली नायलॉनची दोरी खिशात घालून परत आणा, बगळे-पाणकावळे त्यात अडकतात. आणि पहिल्या पावसात ओढ्यात चढणीचे मासे वर येतात तेव्हा हात आवरा, ते अंडी घालायला निघालेले असतात. मला माहितीये की खेडोपाडी लोक टोपल्या घेऊन धावतात आणि ती मजा वेगळीच असते, पण ते त्यांच्या घरचं कालवण आहे, शहरातून गाडी घेऊन त्यासाठी येणं बरोबर नाही.

काजव्यांच्या दिवसात जाणारच असाल तर दिवसा सायकल, संध्याकाळी चालत. टॉर्च खाली जमिनीकडे, त्यावर लाल कागद लावा, झाडावर मारायचा नाही, काजवा पकडून बाटलीत भरायचा नाही. हेडलाइट चालू ठेवून झाडाखाली उभ्या केलेल्या गाड्यांचं काय करायचं ते मला पण अजून सुचलेलं नाही.

परतीला वेळ उरला तर रंधा धबधबा शेंडीपासून राजूरच्या रस्त्याला १० किमीच्या आसपास आहे, पावसानंतर पाणी असेपर्यंतच बघण्यासारखा. तांदूळ घ्यायचा असेल तर दिवाळीनंतर मुक्कामाच्या घरीच विचारा, इंद्रायणी बहुतेक घरांत असतो आणि हातात पोतं घेऊन सायकलवर कसं जायचं याचा विचार आधी करा.