ओझे उचलताना गंभीर इजा झाल्यास: पहिल्या दिवसाची नोंद आणि भरपाईचा हक्क

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फौंड्रीत जड कास्टिंग उचलताना, मार्केट यार्डात ट्रकमधील पोती उतरवताना किंवा साखर कारखान्याच्या गोदामात थप्पी लावताना पाठीत कळ आली, की आपल्याकडचा कामगार ‘उसण भरली’ असे म्हणून घरी जाऊन पडतो. भरपाईचा दावा मात्र इजा कामावर आणि कामामुळेच झाली या नोंदीवर उभा राहतो, आणि ती नोंद त्याच दिवशी झाली नाही तर पुढे सिद्ध करणे फार कठीण जाते.

थप्पी अंगावर कोसळली असेल किंवा कोणी ओझ्यासह पडला असेल, तर त्याला हातपाय धरून उचलू नये. मान आणि पाठ सरळ ठेवून फळीवरून हलवावे. पायातील शक्ती जाणे, मांड्यांच्या आतील भाग बधिर होणे, लघवी तुंबणे किंवा नकळत होणे ही मणक्यातील नसा दबल्याची लक्षणे असून त्यात काही तासांचा उशीरही कायमचे अपंगत्व आणू शकतो, म्हणून चोळून घेण्यासाठी कोणाकडेही न जाता थेट मोठे रुग्णालय गाठावे. तेथे केसपेपरवर ‘कामावर ओझे उचलताना इजा’ असे तारीख, वेळ आणि ठिकाणासह लिहून घ्यावे. ‘घरी पडलो असे सांग, बिल आम्ही भरतो’ ही विनंती कितीही आपुलकीने केलेली असली तरी मान्य करू नये. त्या एका वाक्यामुळे पुढचा दावा कोसळलेला मी पाहिला आहे.

कारखान्याच्या अपघात नोंदवहीत नोंद झाली का, हे सहकाऱ्यामार्फत पाहावे आणि मालकाला लेखी सूचना देऊन पोच घ्यावी. आपल्या भागात बहुतेक कागद कन्नडमध्ये असतात. जो वाचता येत नाही त्यावर सही किंवा अंगठा देण्यापूर्वी विश्वासातल्या माणसाकडून तो पूर्ण वाचून घ्यावा. थोडी रक्कम हातावर ठेवून ‘आता काही मागणे नाही’ असे लिहून घेतले गेले असले, तरी भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने रद्दबातल ठरतो.

पगारातून ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा) वर्गणी कापली जात असेल तर उपचार आणि रजेच्या काळातील रोख लाभ ईएसआयकडून मिळतात आणि मालकाकडे वेगळी भरपाई मागता येत नाही. ईएसआय नसेल तर १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने दिलेला आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत आलेला हक्क लागू होतो. माणूस कंत्राटदाराचा आहे, हे कारण मूळ मालकाला पुढे करता येत नाही.

पाठीच्या इजेचा खरा गुंता येथे आहे. बोट किंवा हात तुटल्यास कमाईची क्षमता किती टक्के गेली हे परिशिष्टात ठरलेले असते. मणक्याच्या इजेत ते डॉक्टरांना ठरवावे लागते, म्हणून एमआरआय आणि ‘यापुढे जड ओझे उचलता येणार नाही’ असा स्पष्ट दाखला अत्यावश्यक आहे. चाळीस वर्षे वयाच्या कामगाराचा मासिक पगार १५,००० रुपये धरला, तर त्याच्या ६० टक्क्यांना म्हणजे ९,००० ला त्या वयाच्या १८४.१७ या गुणकाने गुणून १६,५७,५३० रुपये येतात; कमाईची क्षमता ३० टक्के गेली असेल तर त्याच्या ३० टक्के, म्हणजे ४,९७,२५९ रुपये. उपचाराचा खर्च याव्यतिरिक्त असतो, हे अनेकांना ठाऊक नसते.

दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो. तो अपघात घडला त्या ठिकाणी करता येतो, तसाच कामगार राहतो तेथेही; त्यामुळे चंदगडहून बेळगावात कामाला येणाऱ्या माणसाला जखमी पाठीने प्रत्येक तारखेला राज्याची सीमा ओलांडण्याची गरज नाही. वकिलाची फी परवडत नसल्यास जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करावा आणि सोबत केसपेपर, पगाराचा पुरावा व दोन सहकाऱ्यांची नावे न्यावीत.