मोळी पडायच्या आधी ईटीपीत काय काय हवं

गळीत हंगामाची तारीख कळली की 30 दिवस मागे मोजा आणि त्या दिवशी ईटीपी (कारखान्याचं सांडपाणी साफ करणारी यंत्रणा) स्थिरावलेली असू द्या, म्हणजे सुरू त्याच्याही आधी करा. गळिताच्या महिनाभर आधी ईटीपी स्थिरावलेली हवी, हा साखर कारखान्यांसाठी नियमच आहे. पाणी साफ करतात ते जीवाणू, आणि ते काही बॉयलरसारखे पेटवता येत नाहीत.

आधी एरेशन टँकच्या (जीवाणूंना हवा देण्याच्या टाकीच्या) तळातली वाळू आणि बगॅस (उसाचा चोथा) उपसा. साधं पाणी भरून ब्लोअर (हवेचा पंखा) लावा. एखाद्या कोपऱ्यात पाणी उकळल्यासारखं उसळत असेल, तर तिथला डिफ्युझर (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा भाग) फाटलाय. तो आत्ताच बदला, हंगामात टाकी रिकामी करायला कोणी देत नाही. पाण्यावरचं तेल काढणाऱ्या ऑइल स्किमरचा पट्टाही फिरवून बघा.

मग जीवाणूंचं बियाणं. जवळच्या दूध डेअरीच्या चालू ईटीपीतून टँकरभर स्लज (जीवाणूंचा गाळ) मिळाला तर उत्तम. नाहीतर ताजं शेण पाण्यात कालवून गोणपाटातून गाळा. काडीकचरा गेला की पंप तुंबतो. पाकिटातल्या जीवाणूंच्या कल्चरवर माझा फारसा भरवसा नाही, हवा नसेल तर तेही मरतंच. खाऊ म्हणून मळी (मोलॅसिस), पण रोज थोडी थोडी वाढवत. साखरेच्या पाण्यात नत्र-स्फुरद नाममात्र असतं आणि प्रमाण लागतं बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) 100 ला नत्र 5, स्फुरद 1. म्हणून युरिया-डीएपीची पोती स्टोअरमधून आधीच काढून ठेवा. साखरेचं पाणी लगेच आंबतं, तेव्हा चुनाही हवा, पीएच 6.5 ते 8.5 मध्ये आणि विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास राहू द्या.

रोज सकाळी लिटरच्या सिलिंडरमध्ये टाकीतलं पाणी घेऊन अर्धा तास हलवू नका. सुरुवातीला नुसतं गढूळ दिसेल, तळाशी जेमतेम बोटभर. टाकीवर साबणासारखा पांढरा फेसही येईल. स्लज कोवळा आहे, घाबरू नका. पुढे तपकिरी पुंजके धरतात, सावकाश खाली बसतात आणि वरचं पाणी नितळतं. तळाचा स्लज 250-300 मिलीपर्यंत आला की निम्मी लढाई जिंकली. वासही घ्या: ओल्या मातीचा असेल तर ठीक, सडक्या अंड्यांचा आला तर हवा कमी पडतेय.

इव्हॅपोरेटर (रस आटवायची भांडी) धुतल्यावरचं कॉस्टिक सोड्याचं पाणी वेगळ्या टाकीत साठवून थोडं थोडं सोडायचं, हे प्रोसेसच्या तिन्ही शिफ्टना लेखी द्या. आणि त्या टाकीच्या व्हॉल्व्हला कुलूप लावा. रात्रपाळीत कुणीतरी तो उघडतंच.