गाडी शेअरिंगला देताय? मग आधी विम्याचं घड्याळ बघा

चार वर्षं झाली, मी माझी हॅचबॅक अ‍ॅपवरून अनोळखी लोकांना चालवायला देते. सुरुवातीला निर्धास्त होते. घरात गाडीची पूर्ण पॉलिसी होती, वर अ‍ॅपचं 'संरक्षण' होतं, म्हणजे दोन छत्र्या. मग एके दिवशी पाऊस आला.

एकाने गाडी ठरल्या जागी संध्याकाळी लावली, अ‍ॅपवर ट्रिप संपवली आणि गेला. मी सकाळी पोचले तेव्हा मागचा बंपर फुटून लोंबत होता. अ‍ॅपवाले म्हणाले, ट्रिप संपल्यानंतर झालं असेल, आमचा संबंध नाही. विमा कंपनी म्हणाली, गाडी भाड्याने दिली होती ना, मग आमचाही नाही. ट्रिप संपवताना त्याने काढलेले फोटो तीन, तिन्ही पुढच्या बाजूचे. बंपर मी माझ्या पैशाने बदलला. ते बिल हीच माझी फी समजा. त्यातून जे शिकले ते खाली आहे.

पहिलं काम, स्वतःची पॉलिसी काढा आणि 'वापराच्या मर्यादा' असा भाग असेल तो वाचा. खासगी गाडीच्या पॉलिसीत बहुतेकदा भाड्याने किंवा मोबदल्यासाठी केलेला वापर वगळलेला असतो. याचा अर्थ ट्रिप चालू असताना तुमची घरची पॉलिसी बहुधा झोपलेली असते. कंपनीला लेखी विचारा. मी एजंटला फोनवर विचारलं तर म्हणाला, "काही होत नाही ताई, कोणाला कळतंय?" म्हटलं, हेच मेलवर लिहून पाठवा. मेल अजून यायचा आहे. लपवून ठेवण्यात शहाणपण नाही, कारण माहिती दडवली म्हणून पुढे तुमचा दुसराच एखादा रास्त क्लेमही अडकू शकतो. गाडीवर कर्ज असेल तर त्या करारातही बघून घ्या.

हा घोळ फक्त आपल्यासारख्यांच्या आळसामुळे होत नाही. कॅलिफोर्नियाने 2010 मध्ये यावर वेगळा कायदाच केला: ट्रिपच्या काळातली जबाबदारी शेअरिंग कंपनीच्या विम्याची, आणि मालकाने गाडी शेअर केली एवढ्याच कारणाने त्याची खासगी पॉलिसी रद्द करता येणार नाही. अट अशी की वर्षाची कमाई गाडीच्या वर्षाच्या खर्चापेक्षा जास्त नको. उलट न्यूयॉर्कमध्ये विम्याच्याच मुद्द्यावर रिलेराइड्स या गाडी-शेअरिंग कंपनीला, म्हणजे आजच्या टूरोला, 2013 मध्ये काम थांबवावं लागलं आणि परत यायला 2022 उजाडलं. तेव्हा तुमच्याकडे असा कायदा आहे का, हे गाडी अ‍ॅपवर चढवण्याआधी विचारा.

आता अ‍ॅपचा कागद. त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि अ‍ॅप त्या एकाच गोड शब्दात गुंडाळतं. एक, तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याची भरपाई. दोन, तुमच्या गाडीचं नुकसान. पहिली सहसा खऱ्या विम्यातून येते. दुसरी पुष्कळदा विमा नसतेच, कंपनीने करारात दिलेलं वचन असतं. त्यामुळे तिच्या अटी कंपनी ठरवते आणि बदलतेही. झीज, यांत्रिक बिघाड, सीटवरचे डाग, गाडीतलं हरवलेलं सामान, नोंद नसलेल्या माणसाने चालवणं, हे सगळं वगळलेल्या यादीत शोधा. गाडी गॅरेजमध्ये पडून राहिल्याने बुडालेलं भाडं मिळतं का, तेही बघा.

डिडक्टिबल म्हणजे नुकसानीतला जो पहिला हिस्सा तुम्ही सोसायचा तो. भाड्यातला मोठा वाटा तुम्हाला देणाऱ्या प्लॅनमध्ये सहसा हा हिस्साही मोठा असतो. मी हिशोब सोपा ठेवते: उद्या सकाळी उसने न मागता जेवढे भरू शकेन, तेवढंच डिडक्टिबल.

पण खरी मेख घड्याळात आहे. संरक्षण कोणत्या क्षणी सुरू होतं? बुकिंगच्या वेळेला, किल्ली हातात पडल्यावर, की अ‍ॅपवर बटण दाबल्यावर? संपतं कधी? उशीर झाला तर चालू राहतं का? तुम्ही गाडी पोचवायला निघालात तर त्या प्रवासाचं काय? ही चार उत्तरं मदत केंद्राकडून लेखी घ्या. मुदत वाढवायची तर अ‍ॅपवरूनच. "ताई, अजून एक दिवस ठेवतो, पैसे थेट पाठवतो" असा मेसेज आला की हात जोडायचे. तो दिवस कोणत्याच कागदावर नसतो. आणि ट्रिप संपवण्याच्या क्षणी मी आता स्वतः गाडीजवळ हजर असते. जमत नसेल तेव्हा गाडी देतच नाही.

फोटोंचं म्हणाल तर ट्रिपआधी आणि ट्रिपनंतर तेच कोन, त्याच क्रमाने. मी पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून गाडीला प्रदक्षिणा घालते: चार कोपरे, चार बाजू, चारही चाकांचे रिम जवळून, काच, छप्पर, बंपरची खालची कड, मग आत सीट, डॅशबोर्ड, किलोमीटर आणि इंधनाचा काटा. ओली किंवा धुळकट गाडी पुसून घ्या, पाण्याच्या थेंबात ओरखडा लपतो. शेवटी एक सलग व्हिडिओ. सगळं लगेच अ‍ॅपवर चढवा, म्हणजे वेळेवरून वाद उरत नाही. "हा डेंट आधीचाच होता" हे वाक्य त्यानंतर मला क्वचितच ऐकू आलंय.

नुकसान दिसलंच तर आधी कळवा, मग चिडा. कळवण्याची मुदत तोकडी असते, काही ठिकाणी ट्रिप संपल्यापासून जेमतेम 24 तास. पाहणी होईपर्यंत दुरुस्ती करू नका आणि पुढचं बुकिंग रद्द करा, कारण मध्ये आणखी एक ट्रिप झाली की ओरखडा कोणाचा हे देवालाही सांगता येणार नाही. बोलणं अ‍ॅपच्या चॅटमध्ये ठेवा. कोणी जखमी झालं किंवा गाडी चोरीला गेली तर पोलिसांत नोंद हवीच.

गाडी घेणारे असाल तर तुमच्यासाठी एवढंच: फोटो तुम्हीही काढा, आणि क्रेडिट कार्डावरच्या भाड्याच्या गाडीच्या विम्यावर विसंबू नका, अनेक कार्डं अशा शेअरिंगला वगळतात. आणि गाडी परत लावताना, कृपा करून, मागच्या बंपरचा एक फोटो काढा.