जुनं स्विस ऑटोमॅटिक घड्याळ: आधी मशीन ओळखा, मग साल ठरवा

नाशिकच्या सराफ बाजारात किंवा बुधवारी गोदाघाटावर भरणाऱ्या बाजारात जुनं मनगटी घड्याळ हाती आलं, की नजर पहिल्यांदा डायलवर जाते. साल ठरवताना मात्र डायल सगळ्यात शेवटी बघावी, कारण सगळ्यात जास्त बदलला आणि पुन्हा रंगवला जाणारा भाग तोच. क्रम असा ठेवा: मशीन, बॅक कव्हरची आतली बाजू, केस, आणि मग डायल, काटे, चावी. एकेका भागातून 'याच्या आधीचं नाही' किंवा 'याच्या नंतरचं नाही' एवढंच कळतं. सगळ्यांचं जिथे जुळतं, ते साल.

मुळात घड्याळ ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं, आहे का? घराघरांत कपाटातून निघणारी फेवर ल्युबाची सी किंग, सी चीफ ही चावीची घड्याळं आहेत. घड्याळ आडवं धरून हळूच गोल फिरवा. आतलं वजन सरसर पूर्ण फिरलं तर रोटर. थोडं सरकून स्प्रिंगवर 'टक्' आपटलेलं बोटांना जाणवलं तर ते बंपर, म्हणजे वजन पूर्ण वर्तुळ न फिरता दोन स्प्रिंगांमध्ये ये-जा करतं. ओमेगाची बंपर मशीनं १९४०च्या दशकापासून १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंतची. १९५५च्या सुमारास कंपनी पूर्ण रोटरकडे वळली. पण यावरून पूर्ण रोटर म्हणजे नंतरचंच असं धरू नका. रोलेक्सचा पर्पेच्युअल रोटर १९३१चा, फेल्साचं दोन्ही दिशांनी स्प्रिंग भरणारं बायडायनेटर १९४२चं, आणि बॉल बेअरिंगवर रोटर बसवलेलं एटर्ना-मॅटिक १९४८चं.

उघडण्यासाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग, काठ असलेला ट्रे, रबरी फुंकणी आणि बोटांना घालायच्या रबरी टोप्या लागतात. पंखा बंद करा. भर पावसाळ्यात, हवा दमट असताना मशीन उघडं ठेवू नका, आणि तोंडाने फुंकर तर कधीच मारू नका. श्वासातल्या ओलाव्याने स्टीलचे भाग गंजतात. पाठीला खाचा किंवा सपाट कडा असतील तर झाकण आट्याचं, एका जागी बारीक ओठ असेल तर दाबून बसवलेलं. पाठीला सांधाच दिसत नसेल तर थांबा. ओमेगाच्या १९६०च्या दशकातल्या काही डी व्हिल घड्याळांत केस अखंड असते, मशीन काच काढून पुढून निघतं. अशा घड्याळाला मागून पाती घातली की केसवर कायमचा ओरखडा पडतो. ते जाणकार घड्याळजीकडेच न्या.

झाकण निघालं की आधी मोबाईलवर स्पष्ट फोटो काढा, मग वाचायला बसा. रोटरवरच्या नावावर विसंबू नका. रोटर एका स्क्रूने निघतो आणि दुसऱ्याचा बसवता येतो. खरी ओळख ब्रिजवर (चाकं धरून ठेवणाऱ्या वरच्या पट्टीवर) आणि बॅलन्सच्या (सतत मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या) जवळ खालच्या प्लेटवर कोरलेली असते. तिथे ईटीए, एएस, एफएचएफ किंवा फेल्सा या मशीन बनवणाऱ्या कंपन्यांची बारीक खूण आणि शेजारी कॅलिबरचा, म्हणजे मशीनच्या मॉडेलचा, आकडा सापडतो. डायलवर कितीही अनोळखी नाव असलं तरी मशीन बहुतेक वेळा यांच्यापैकीच एकाचं निघतं. बॅलन्सच्या ज्वेलवर लायर या पाश्चात्त्य तंतुवाद्याच्या आकाराची स्प्रिंग दिसली तर ते इन्काब्लॉक, धक्क्यापासून वाचवणारी रचना, म्हणजे घड्याळ १९३०च्या दशकाच्या आधीचं नाही.

ओमेगा असेल तर काम सोपं होतं, कारण अनुक्रमांक मशीनवरच असतो. ढोबळ हिशोब असा: १ कोटी १० लाखांचे आकडे १९४७चे, १ कोटी ४० लाख १९५४, १ कोटी ७० लाख १९६०च्या आसपास, २ कोटी १९६३, २ कोटी ४० लाख १९६६, २ कोटी ८० लाख १९६९, ३ कोटी १० लाख १९७१. आकडा मशीनला पडलेला असतो, म्हणून घड्याळ केसमध्ये बसून विकलं जाईपर्यंत वर्ष-दोन वर्षं गेलेली असू शकतात. आता झाकणाच्या आत बघा. तिथे १६५ किंवा १६६ने सुरू होणारा सहा आकडी क्रमांक असेल तर केस १९६०च्या दशकातली किंवा नंतरची. १६५ म्हणजे तारीख नसलेलं ऑटोमॅटिक, १६६ तारखेचं. २ कोटी ४० लाखांचा अनुक्रमांक, कॅलिबर ५६५ आणि झाकणावर १६६ हे तिन्ही एकमेकांना धरून आहेत. याउलट १ कोटी ५० लाखांचं मशीन १६६च्या झाकणात बसलेलं दिसलं, तर दोन घड्याळांचं एक केलेलं आहे, विक्रेता काहीही सांगो.

झाकणाच्या आतले सुईने ओरखडलेले आकडे पुसू नका. ते जुन्या घड्याळजींनी केलेल्या दुरुस्तीच्या नोंदी असतात. त्यात '७-६८' अशी तारीख स्पष्ट असेल तर निदान झाकण तरी त्याआधीचं. तिथेच कमानीसारखा ओरखडा दिसला तर रोटरची अक्ष झिजली आहे. खर्च धरूनच भाव ठरवा.

अनुक्रमांक नसेल तर ठोके मोजा. चावी २५-३० फेरे द्या, मोबाईलवर घड्याळाचे ठोके मोजणारं ॲप घ्या आणि शांत खोलीत चावीची बाजू माइकला टेकवा. तासाला १८,००० हा जुना वेग, १९,८०० ओमेगाच्या ५५० कॅलिबर गटाचा, २८,८०० हा १९६०च्या दशकाच्या शेवटी रुळू लागलेला. तारीख चावीने झटकन बदलत नसेल, काटे बारा ओलांडून फिरवावे लागत असतील, तर मशीन सहसा जुन्या बांधणीचं असतं.

पिवळी केस सराफाकडे कसोटीवर घासायला देण्याआधी खुणा वाचा. '२० मायक्रॉन' म्हणजे नुसता मुलामा, आणि तो पट्ट्याजवळच्या कोपऱ्यांवर आधी उडतो. स्विस १८ कॅरेटवर १९९५पर्यंत हेल्व्हेशियाचं, म्हणजे स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेल्या स्त्रीचं मस्तक, १४ कॅरेटवर खारीचं चित्र असे.

मग डायल. सहाच्या खाली 'स्विस मेड'च्या दोन्ही बाजूंना इंग्रजी 'टी' असेल तर डायल आणि काट्यांवरच्या अंधारात चमकणाऱ्या रंगात ट्रिटियम आहे, म्हणजे डायल १९६०च्या दशकापासून १९९०च्या दशकापर्यंतची. तसली डायल १९५६च्या मशीनवर असेल तर ती नंतर बसवलेली. 'टी' नसताना चमकीचा रंग तपकिरी, पिठूळ झाला असेल तर रेडियम समजा. चमक विझली तरी किरणोत्सर्ग संपत नाही. तो रंग खरवडू नका, त्याची धूळ श्वासात जाऊ देऊ नका. रंगवलेली डायल भिंगाखाली लपत नाही: अक्षरांच्या कडा फुगलेल्या, मिनिटांच्या रेघा उठावाच्या खुणांशी न जुळणाऱ्या, 'स्विस मेड' गायब, आणि झिजलेल्या केसमध्ये कोरा चकचकीत रंग.

सर्व्हिसिंगला देताना स्पष्ट सांगा: केस पॉलिश करायची नाही, डायल धुवायची नाही, आणि बदललेला प्रत्येक भाग, अगदी गंजलेली चावीसुद्धा, पुडीत बांधून परत हवा.