पाण्याच्या नळीने लेव्हल साधली

नाशिकला सिडकोतल्या आमच्या घरात ओट्यावरची कपाटं मी स्वतः बसवली. साध्या ड्रिलने प्लास्टर गेलं, पण काँक्रीटच्या बीमला लागताच बिट नुसतं फिरत राहिलं, टोक निळं पडलं. ठोके देत फिरणारं हॅमर ड्रिल भाड्याने आणलं, तेव्हा काम सरकलं. 8 मिमीच्या गिट्टीला (स्क्रू घट्ट बसावा म्हणून भोकात घालतात तो प्लास्टिकचा तुकडा) 8 मिमीचंच बिट घ्या. मोठं घेतलं की गिट्टी स्क्रूबरोबर गरगर फिरते.

खरी अडचण लेव्हलची. ओट्यापासून मोजून खुणा केल्या, तर कपाटांची रांग एका बाजूला झुकायला लागली, कारण ओट्याला सिंककडे उतार होता. शेवटी गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी पाण्याने भरली, बुडबुडे पूर्ण काढले. एक टोक आईने धरलं, दुसरं मी. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर स्थिरावलं तिथे पेन्सिलने खूण केली आणि त्याच रेषेवर सगळी कपाटं टांगली.